टीव्हीवरचा काळा रंग कधी राखाडी, कधी मिट्ट: रंगाच्या आउटपुटची सेटिंग कायमची नीट कशी लावायची

तक्रार साधारण अशी असते. टीव्ही चांगल्यापैकी आहे, बॉक्स किंवा कन्सोलही चांगला आहे, पण चित्रावर पातळ धुकं आल्यासारखं दिसतं. काळा रंग राखाडीकडे झुकलेला, पांढरा मळकट, सगळेच रंग उतरलेले. मग टीव्हीचा ब्राइटनेस कमी केला जातो, कलर वाढवला जातो आणि काही दिवस बरं वाटतं. पुढे बॉक्सला अपडेट येतं किंवा त्याच इनपुटला दुसरं यंत्र जोडलं जातं, आणि आता उलटंच होतं. रात्रीच्या प्रसंगात चेहरे सोडले तर सगळा अंधार. पुन्हा ब्राइटनेस वाढवायचा. असं करता करता टीव्हीची पिक्चर सेटिंग मूळ जागेपासून इतकी लांब जाते की मुळात काय बिघडलं होतं तेच कळेनासं होतं.

बहुतेक वेळा यात टीव्ही बिघडलेला नसतो. चित्र पाठवणारं यंत्र एका मोजपट्टीवर आकडे पाठवतं आणि टीव्ही ते दुसऱ्या मोजपट्टीवर वाचतो, एवढंच झालेलं असतं. दोन्ही टोकं एकाच मोजपट्टीवर आणली की त्रास जातो. म्हणून "सगळ्यात भारी सेटिंग कुठली" हे शोधण्याआधी "माझ्या यंत्राचं आणि माझ्या टीव्हीचं कशावर जुळतं" हे शोधावं, असं माझं ठाम मत आहे.

फुल आणि लिमिटेड म्हणजे काय

८ बिटच्या चित्रात प्रत्येक रंगाला ० ते २५५ असे आकडे मिळतात. कॉम्प्युटर ही सगळी पट्टी वापरतो: ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. याला फुल रेंज म्हणतात. व्हिडिओची पद्धत वेगळी आहे. तिथे काळा १६ वर असतो आणि पांढरा २३५ वर. खाली आणि वर थोडी जागा मोकळी सोडलेली असते, म्हणजे सिग्नल क्षणभर इकडेतिकडे गेला तरी कापला जाऊ नये. ही पद्धत स्टुडिओतल्या डिजिटल व्हिडिओसाठी १९८२ मध्ये ठरली. आज ती शिफारस रेक. ६०१ या नावाने ओळखली जाते. पुढे एचडीसाठी रेक. ७०९ आली, ४केसाठी रेक. २०२० आली, पण १६ ते २३५ चा रिवाज टिकला. १० बिटमध्ये हेच आकडे ६४ ते ९४० होतात. ब्लू-रे, टीव्हीचं प्रक्षेपण, स्ट्रीमिंगवरचे सिनेमे आणि मालिका हे जवळपास सगळं लिमिटेड रेंजमध्येच साठवलेलं असतं. गेम आणि कॉम्प्युटरचा डेस्कटॉप मात्र मुळातच फुल रेंजमध्ये तयार होतो.

आता गडबड कशी होते ते पाहू. यंत्राने लिमिटेड पाठवलं आणि टीव्हीने ते फुल समजून वाचलं, तर १६ हा आकडा काळा असूनही टीव्ही त्याला गडद राखाडी मानतो. पांढराही २३५ वरच थांबतो. गॅमा (आकड्यावरून पडद्यावरचा उजेड ठरवण्याचं सूत्र) २.२ धरला तर हा "पांढरा" खऱ्या पांढऱ्याच्या सुमारे ८४ टक्केच उजळ दिसतो. वरून उजेड कमी, खालून काळ्यात धुरकटपणा: चित्रावर धुकं दिसतं ते याच दोन्हींमुळे. उलट यंत्राने फुल पाठवलं आणि टीव्ही लिमिटेड धरून बसला, तर १६ पर्यंतचे सगळे आकडे एकच काळा होतात आणि २३५ च्या वरचे सगळे एकच पांढरा. काळ्या कोटाच्या घड्या, केसांच्या बटा, ढगांच्या कडा यांची माहिती तिथे पुसली जाते. हे चित्र पहिल्या नजरेला "कॉन्ट्रास्ट भारी आहे" असं वाटू शकतं, म्हणून फसायला होतं. मला तरी धुरकट चित्रापेक्षा हे दुसरं जास्त धोक्याचं वाटतं. धुरकटपणा लगेच खुपतो. इथे मात्र तपशील गायब झालाय हे माणसाला कित्येक महिने कळत नाही.

म्हणूनच ब्राइटनेसची मात्रा इथे लागू पडत नाही. धुरकट चित्रात ब्राइटनेस खाली ओढला तर काळा जागेवर येईल, पण पांढरा अजून खाली जाईल. मिट्ट चित्रात ब्राइटनेस वर केला तर टीव्हीनुसार एखाददुसरी छटा दिसू लागेल, पण काळा राखाडी होईल आणि वरचे ढग सपाटच राहतील.

पुन्हा पुन्हा का होतं

एचडीएमआय केबलमधून चित्रासोबत एक छोटा माहितीचा तुकडा जातो. हे चित्र आरजीबी आहे (लाल, हिरवा, निळा यांचे आकडे) की वायसीबीसीआर (उजेड वेगळा आणि रंग वेगळा), फुल आहे की लिमिटेड, हे त्यात लिहिलेलं असतं. टीव्ही ऑटोवर असेल तर तो हे वाचून स्वतःला जुळवतो. कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात काही यंत्रं रेंजचा रकाना रिकामा सोडतात, आणि मग टीव्हीला अंदाज बांधावा लागतो. नियमानुसार १०८०पी सारख्या टीव्हीच्या ठरलेल्या रेझोल्यूशनला लिमिटेड धरायचं आणि कॉम्प्युटरच्या रेझोल्यूशनला फुल धरायचं असतं. लॅपटॉप टीव्हीला जोडला की नेमकं इथे बिनसतं, कारण त्यावर डेस्कटॉप दिसत असला तरी रेझोल्यूशन टीव्हीचं असतं.

मध्ये एव्ही रिसीव्हर (स्पीकरला आवाज आणि टीव्हीला चित्र देणारं यंत्र) किंवा एचडीएमआय स्विच असेल तर अंदाज बांधणारा आणखी एक गडी वाढतो. शिवाय टीव्हीतली ही सेटिंग बहुधा प्रत्येक इनपुटसाठी वेगळी असते, आणि पिक्चरची सेटिंग साध्या चित्रासाठी वेगळी, एचडीआरसाठी (उजेड-अंधाराचा पल्ला जास्त असलेल्या चित्रासाठी) वेगळी साठवली जाते. म्हणजे तुम्ही सिनेमा बघताना सगळं नीट लावता, आणि गेम सुरू झाला की टीव्ही दुसऱ्याच कप्प्यातली सेटिंग उघडतो. केबल एका पोर्टमधून काढून दुसऱ्यात घातली तरी तेच. अपडेटनंतर काही यंत्रं आउटपुट पुन्हा ऑटोवर नेतात. "काल नीट होतं, आज बिघडलं" याच्या मागे बहुतेकदा यातलंच एखादं कारण असतं.

शोध सुरू करण्याआधी

आधी टीव्हीचे स्वतःचे उद्योग बंद करा, नाहीतर काहीही तपासलं तरी निकाल फसवा येईल. पिक्चर मोड मूव्ही, सिनेमा किंवा फिल्ममेकर यांपैकी ठेवा. व्हिव्हिड किंवा डायनॅमिक नको. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ब्लॅक एन्हान्सर, खोलीतल्या उजेडाप्रमाणे चित्र बदलणारा सेन्सर आणि वीजबचत हे सगळं बंद. मग त्या मोडची सेटिंग रीसेट करा, म्हणजे पूर्वी फिरवलेला ब्राइटनेस मूळ जागी येईल. ही रीसेट करायला लोक कचरतात, पण ती केल्याशिवाय पुढचं सगळं वाळूवर बांधल्यासारखं होतं.

खोली अंधारी करा. ज्या सिनेमात वरखाली काळ्या पट्ट्या येतात असा एखादा लावा आणि चित्र थांबवा. पट्ट्यांचा काळा आणि टीव्हीच्या चौकटीचा काळा शेजारी शेजारी पाहा. ओएलईडी टीव्हीवर (ज्यात मागे दिवा नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो) पट्टी चौकटीत विरघळून जायला हवी. ती वेगळी राखाडी दिसत असेल तर रेंजची गडबड जवळपास नक्की. एलसीडी टीव्हीवर जरा सावध राहावं लागतं, कारण मागचा दिवा थोडा पाझरतोच आणि अंधारात काळा कधीच पूर्ण काळा दिसत नाही. तिथे काहीही न जोडलेल्या इनपुटवर जा आणि तो रिकामा काळा पडदा डोळ्यांत ठेवून परत सिनेमाकडे या. दोन्ही काळे सारखे वाटले तर पॅनेलचीच ती मर्यादा आहे आणि सेटिंग शोधण्यात अर्थ नाही.

माझी आवडती चाचणी मात्र वेगळी आहे. टीव्ही ऑटोवर ठेवा आणि यंत्राच्या मेनूत आरजीबी रेंज फुलवरून लिमिटेडवर न्या. पडदा क्षणभर काळा होईल आणि चित्र परत येईल. टीव्ही खरोखर माहिती वाचत असेल तर आधीचं आणि नंतरचं चित्र सारखंच दिसेल, कारण दोन्ही टोकं एकत्र सरकली. चित्र ठळकपणे बदललं तर टीव्ही ऐकत नाहीये. मग ऑटोचा नाद सोडा आणि दोन्हीकडे हाताने सेटिंग लावा. या एका चाचणीने बराचसा गोंधळ मिटतो.

टीव्हीवर ही सेटिंग कुठे सापडते

प्रत्येक कंपनीने वेगळं नाव दिलंय, त्यामुळे लोकांना ती सापडत नाही. सॅमसंगमध्ये एचडीएमआय ब्लॅक लेव्हल म्हणून असते. तिथे लो म्हणजे लिमिटेड, नॉर्मल म्हणजे फुल. एलजीमध्ये ब्लॅक लेव्हल असते, लो म्हणजे लिमिटेड आणि हाय म्हणजे फुल. तिच्या काही मॉडेलांवर हीच गोष्ट व्हिडिओ रेंज या नावाखाली आहे. सोनीमध्ये एचडीएमआय व्हिडिओ रेंज, आणि तिथे सरळ फुल, लिमिटेड, ऑटो असेच पर्याय आहेत. लो म्हणजे काहीतरी हलक्या दर्जाचं असं वाटून अनेकजण हाय किंवा नॉर्मल निवडतात. इथे लो-हायचा दर्जाशी काहीही संबंध नाही, काळा कुठल्या आकड्यावर मानायचा एवढंच ते सांगतं.

ही सेटिंग मेनूत फिकी दिसत असेल आणि हात लावू देत नसेल, तर यंत्र बहुधा वायसीबीसीआर पाठवतंय. त्यात रेंज जवळपास नेहमी लिमिटेडच असते, म्हणून टीव्ही विचारतच नाही. ते बिघाडाचं लक्षण नाही.

कुठल्या यंत्रावर काय निवडावं

स्ट्रीमिंग बॉक्स, सेट टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर: वायसीबीसीआर निवडा आणि पुढे जा. सिनेमा त्याच रूपात साठवलेला असतो, टीव्हीलाही तेच अपेक्षित असतं आणि रेंजचा वाद उद्भवायला फारशी जागाच उरत नाही. ॲपल टीव्हीच्या मेनूत एचडीएमआय आउटपुटला वायसीबीसीआर, आरजीबी हाय आणि आरजीबी लो असे तीन पर्याय दिसतात. तिथेही पहिलाच घ्या. फक्त सिनेमे बघायच्या यंत्रावर आरजीबी फुलने चित्र सुधारत नाही. मूळ चित्रात १६ ते २३५ मध्ये २२० पायऱ्याच आहेत. त्या ताणून २५५ पर्यंत नेल्या म्हणून नव्या छटा तयार होत नाहीत.

गेमिंग कन्सोलवर थोडा विचार लागतो. प्लेस्टेशन आणि निन्टेन्डो स्विच दोन्हींत आरजीबी रेंज म्हणून सेटिंग आहे आणि तिथे ऑटोमॅटिक, फुल, लिमिटेड असे पर्याय आहेत. एक्सबॉक्समध्ये कलर स्पेस या नावाखाली स्टँडर्ड आणि पीसी आरजीबी असतं. स्टँडर्ड म्हणजे लिमिटेड, पीसी आरजीबी म्हणजे फुल. वरची चाचणी केल्यावर टीव्ही ऐकतोय असं दिसलं तर ऑटोमॅटिक ठेवायला हरकत नाही. ऐकत नसेल, आणि त्याच कन्सोलवर गेमसोबत सिनेमेही बघितले जात असतील, तर दोन्हीकडे लिमिटेड लावा. जुळलेलं लिमिटेड हे न जुळलेल्या फुलपेक्षा कितीतरी चांगलं. जुळलेल्या फुल आणि जुळलेल्या लिमिटेडमधला फरक सोफ्यावरून सहसा कोणाला ओळखता येत नाही. स्टँडर्ड आणि पीसी आरजीबी यांत पीसीवालं भारी समजून ते निवडणं हे मिट्ट चित्राचं फार नेहमीचं कारण आहे.

कॉम्प्युटर आणि लॅपटॉपला आरजीबी फुल, आणि टीव्हीलाही फुल. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रेझोल्यूशनच्या पानावर खाली आउटपुट कलर फॉरमॅट, कलर डेप्थ आणि डायनॅमिक रेंज असे रकाने आहेत, पण आधी एनव्हिडियाच्या कलर सेटिंग वापरायचा पर्याय निवडल्याशिवाय ते उघडत नाहीत. एएमडीमध्ये पिक्सेल फॉरमॅट शोधा. तिथे पीसी स्टँडर्ड म्हणजे फुल आणि स्टुडिओ म्हणजे लिमिटेड. डेस्कटॉप अगदी नीट दिसतोय पण व्हिडिओच तेवढे फिके येतायत, असं असेल तर एचडीएमआयची रेंज सोडून द्या, ती बरोबर आहे. एनव्हिडियात व्हिडिओसाठी वेगळं पान आहे आणि तिथेही एक डायनॅमिक रेंज आहे. ती लिमिटेडवर अडकलेली असते. किंवा मग व्हिडिओ प्लेअरच्या आतच अशी सेटिंग असते. यात फक्त व्हिडिओवर परिणाम होतो, म्हणून ओळखायला सोपं जातं.

पट्ट्यांचं चित्र लावून खात्री

डोळ्यांना सवय पटकन होते, म्हणून शेवटची खात्री टेस्ट पॅटर्नवर करावी. काळ्या रंगाच्या पॅटर्नमध्ये काळ्या पडद्यावर उभ्या पट्ट्या लुकलुकत असतात आणि प्रत्येकीखाली तिचा आकडा लिहिलेला असतो. अंधाऱ्या खोलीत बसून पाहा. १६ आणि त्याखालच्या पट्ट्या दिसायला नकोत. १७ ची पट्टी अगदी जेमतेम, डोळे ताणल्यावर, आणि १८, १९, २० एकेक करत जरा स्पष्ट. १६ च्या खालच्या पट्ट्याही लुकलुकताना दिसल्या तर टीव्ही लिमिटेड चित्राला फुल समजतोय, किंवा ब्राइटनेस वर चढलाय. २५ पर्यंत काहीच दिसत नसेल तर फुलचं चित्र लिमिटेडवर कापलं जातंय. पांढऱ्याच्या पॅटर्नमध्ये २३४ पर्यंतच्या पट्ट्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत. त्यासाठी टीव्हीचा कॉन्ट्रास्ट बघायचा.

रेंज जुळल्यावर १७ ची पट्टी दिसत नसेल, तरच ब्राइटनेसला हात लावा, आणि तोही एखाददुसऱ्या घराने. आधी रेंज, मग ब्राइटनेस हा क्रम सोडू नका. पॅटर्न ज्या यंत्रावरून लावता, त्याच यंत्राची आणि त्याच इनपुटची ती खात्री असते, हेही ध्यानात असू द्या. यूएसबीवरून थेट टीव्हीत चालवलेला पॅटर्न कन्सोलबद्दल काही सांगत नाही.

बिट, ४:४:४ आणि केबलची क्षमता

दुसऱ्या जातीचा त्रास असतो: आकाशात रंगाचे पट्टे पडतात, पडदा मध्येच एकदोन सेकंद काळा होतो, किंवा एचडीआर सुरूच होत नाही. इथे काळ्याची भानगड नसते, केबलमधून किती माहिती जाऊ शकते याचा प्रश्न असतो.

४:४:४ म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा स्वतःचा रंग. ४:२:२ मध्ये आडव्या दोन पिक्सेलांत रंग एक, उजेड मात्र प्रत्येकाचा वेगळा. ४:२:० मध्ये दोन बाय दोनच्या चौकोनात चौघांत मिळून एक रंग. माणसाचा डोळा उजेडाचा बारकावा जास्त टिपतो आणि रंगाचा कमी, म्हणून हे चालून जातं. ब्लू-रे आणि स्ट्रीमिंगवरचा सिनेमा मुळातच ४:२:० असतो. पॅनेलवर दाखवण्यापूर्वी कोणीतरी तो उलगडून आरजीबी करतंच, मग ते काम यंत्राने करो वा टीव्हीने. त्यामुळे सिनेमासाठी ४:४:४ चा हट्ट धरण्यात काही मिळत नाही.

आता हिशेब बघा. ४के चित्र ३८४० बाय २१६० चं असतं, पण कडेची मोकळी जागा धरून वाहतूक ४४०० बाय २२५० पिक्सेलांची होते. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे ५९ कोटी ४० लाख पिक्सेल. प्रत्येकी २४ बिट, आणि एचडीएमआय २.० मध्ये दर ८ बिटांसाठी केबलवर १० बिट जातात. एकूण १७.८२ गिगाबिट. एचडीएमआय २.० ची मर्यादा १८ गिगाबिट आहे. म्हणजे ४के, ६० चित्रं, ८ बिट आरजीबी हे अगदी काठोकाठ बसतं. आता एचडीआरसाठी ८ चे १० बिट केले की गरज २२ गिगाबिटच्या वर जाते, आणि ते एचडीएमआय २.० मध्ये बसूच शकत नाही. एचडीआर चालू केल्यावर यंत्र गुपचूप ४:२:२ वर उतरतं ते याचसाठी. ४:२:२ ला एचडीएमआयमध्ये ठरावीक २४ बिटांचीच जागा मिळते आणि तेवढ्यात १२ बिटपर्यंतचा रंग मावतो, म्हणून गरज १७.८२ वरच राहते.

यावरून माझा सल्ला असा. टीव्ही एचडीएमआय २.० चा असेल आणि ४के ६० वर एचडीआर हवा असेल, तर वायसीबीसीआर ४:२:२, १० किंवा १२ बिट. पडदा मिटमिटत असेल तर ४:२:०, १० बिट करून पाहा, कारण त्याला सुमारे ११ गिगाबिटच लागतात. मिटमिटणं थांबलं तर दोष बहुधा केबलचा आहे. १८ गिगाबिटसाठी प्रीमियम हाय स्पीड आणि एचडीएमआय २.१ च्या ४८ गिगाबिटसाठी अल्ट्रा हाय स्पीड अशी प्रमाणित केबल असते आणि तसा शिक्का वेष्टनावर असतो. सेकंदाला २४ चित्रांचा सिनेमा मात्र १० बिट ४:४:४ मध्येही आरामात जातो. म्हणूनच "सिनेमे नीट, गेममध्येच पडदा जातो" असं घडतं.

एक्सबॉक्सच्या व्हिडिओ मोडमध्ये वायसीसी ४:२:२ ला परवानगी द्यायचा एक खूण करायचा चौकोन आहे. १० बिट मिळत नसेल तर आधी तो पाहा. आणि टीव्हीकडेही बघा, कारण बऱ्याच टीव्हींवर एचडीएमआय पोर्ट मुळात जुन्या कमी वेगावर ठेवलेले असतात. सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, एलजीमध्ये एचडीएमआय डीप कलर, सोनीमध्ये एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट एन्हान्स्ड: हे त्या त्या पोर्टसाठी चालू करावं लागतं. यंत्राच्या मेनूत १० बिटचा पर्याय दिसतच नाही, या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इतकंच असतं.

डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या प्रकारासाठी वेगळं काही निवडू नका. ते आपलं रूप स्वतः ठरवतं.

कॉम्प्युटरवरची अक्षरं

इथे ४:४:४ ला खरोखर महत्त्व आहे. काळ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात बारीक अक्षरं लिहा, किंवा निळ्यावर लाल, आणि जवळ जाऊन पाहा. ४:२:० मध्ये अक्षराची उभी रेघ कडेला फाटल्यासारखी, रंग शेजारी सांडल्यासारखा दिसतो. पांढऱ्यावर काळी अक्षरं मात्र बऱ्यापैकी नीट दिसतात, कारण ती उजेडाच्या फरकातून बनतात. कॉम्प्युटरने ४:४:४ पाठवूनही अक्षरं अशीच दिसत असतील तर टीव्हीच ते पुढे कमी करतोय. सॅमसंग आणि एलजीवर त्या इनपुटचं नाव किंवा चिन्ह पीसी असं बदलावं लागतं. सोनीवर ग्राफिक्स किंवा गेम मोड लागतो. नाव बदलल्याने चित्र सुधारतं हे विचित्र वाटेल, पण त्या एका नावावरून टीव्ही आतली प्रक्रिया बदलतो.

लिखाणासाठीचं ४:४:४ आणि १० बिटचा एचडीआर हे दोन्ही एचडीएमआय २.० वर ४केच्या ६० चित्रांना एकत्र मिळत नाहीत. कामाच्या वेळी ८ बिट आरजीबी फुल ठेवा आणि सिनेमाच्या वेळी बदला. विंडोजमध्ये विंडोज, ऑल्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबली की एचडीआर चालू-बंद होतो.

एचडीआर कायम चालू नको

बऱ्याच स्ट्रीमिंग बॉक्समध्ये आउटपुट कायम एचडीआर ठेवायचा पर्याय असतो आणि तो निवडला की साधा कार्यक्रमही एचडीआरच्या साच्यात घालून पाठवला जातो. मग जुन्या मालिकांमधले चेहरे लालसर, मेनू भगभगीत किंवा उलट सगळंच मंद, असं काहीतरी विचित्र दिसतं. टीव्हीची एचडीआरसाठीची सेटिंग वेगळी असल्यामुळे तुम्ही साध्या चित्रासाठी घेतलेली मेहनतही वाया जाते. ॲपल टीव्हीत मॅच कंटेंटखाली डायनॅमिक रेंज आणि फ्रेम रेट दोन्ही चालू करा आणि मूळ फॉरमॅट ४के एसडीआर (म्हणजे एचडीआर नसलेलं साधं चित्र) ठेवा. फायर टीव्हीत ऑल्वेज एचडीआरऐवजी ॲडॅप्टिव्ह. कार्यक्रम बदलताना पडदा एखादा सेकंद काळा होईल, तेवढं सोसायला काही हरकत नाही.

काही विरळ लक्षणं

सगळं चित्र गुलाबी आणि हिरवं झालं तर एक टोक वायसीबीसीआर पाठवतंय आणि दुसरं ते आरजीबी समजून वाचतंय. केबल काढून घाला, दोन्ही यंत्रं प्लगवरून बंद करून पुन्हा चालू करा. वाटेत डीव्हीआयचा अडॅप्टर असेल तर यंत्राला आरजीबीवर सक्तीने न्या, कारण डीव्हीआयला वायसीबीसीआर कळत नाही.

काळा-पांढरा नीट पण हिरवा आणि लाल किंचित चुकलेले, असं असेल तर एसडीचं रेक. ६०१ आणि एचडीचं रेक. ७०९ यांच्यात अदलाबदल झालेली असते. जुन्या डीव्हीडी मोठ्या करून दाखवणाऱ्या प्लेअरवर हे कधी कधी दिसतं. यंत्राला आरजीबीवर ठेवलं की रंगाचं रूपांतर यंत्रातच होतं आणि टीव्हीला अंदाज करावा लागत नाही. वायसीबीसीआर सोडून द्यायची वेळ येते ती अशा एखाद्या प्रसंगीच.

मध्ये रिसीव्हर असेल तर शोधाच्या वेळी तो बाजूला काढा आणि यंत्र थेट टीव्हीला जोडून चित्र पक्कं करा. मग रिसीव्हर परत लावा. चित्र पुन्हा बदललं तर त्याच्या मेनूत व्हिडिओ कन्व्हर्जन किंवा प्रोसेसिंग असेल ते बंद करा, म्हणजे सिग्नल आला तसा पुढे जाईल. रिसीव्हरमध्येही ४केचा सिग्नल फॉरमॅट प्रत्येक पोर्टसाठी वेगळा असू शकतो, तोही टीव्हीच्या पोर्टसारखाच वाढवून ठेवावा लागतो. सगळं जुळल्यावर यंत्राच्या आउटपुटच्या पानाचा आणि टीव्हीच्या त्या इनपुटच्या सेटिंगचा फोनवर फोटो काढून ठेवा. पुढच्या अपडेटनंतर चित्र बदललं असं वाटलं, तर आधी त्या फोटोशी ताडून बघा आणि कुठलं टोक सरकलंय ते शोधा.